आजच्या कथेचं वलण: ऑनलाइन पुराणकथा वर्गाचा रोजचा निरोप आणि घरचा खुराक

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मागची खोली आहे, तिथे सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहाला मी लॅपटॉप उघडते. चौदा मुलं असतात, आठ ते अकरा वर्षांची. सहा बडोद्याचीच, पाच पुण्याची आणि तीन दुबईची. दुबईला तेव्हा पाच वाजलेले असतात, ती मुलं शाळेतून येऊन नुकतीच दूध प्यायलेली असतात. पस्तीस मिनिटं कथा चालते. सव्वासातला पालकांच्या ग्रुपवर त्या दिवसाचा निरोप जातो. हा लेख त्या निरोपाबद्दल आहे, आणि त्याच्या जोडीने मुलांना घरी जे थोडं जास्तीचं देतो त्याबद्दल. त्याला आमच्या वर्गात आम्ही खुराक म्हणतो.

पहिलं वर्षभर माझे निरोप असे असायचे: ‘आज समुद्रमंथन झाले. सर्वांनी छान लक्ष दिले.’ पालक अंगठा दाखवायचे आणि विषय संपायचा. घरी आई विचारायची, ‘आज काय झालं?’ मूल म्हणायचं, ‘गोष्ट.’ वर्गात डोळे विस्फारून ऐकणारं मूल घरी एका शब्दात मोकळं व्हायचं. कथा वर्गात ऐकून होते तेव्हा ती निम्मीच झालेली असते. उरलेली निम्मी मुलाच्या तोंडून, त्याच संध्याकाळी, जेवताना बाहेर पडायला हवी. ती पडली की कथा त्याची झाली. निरोप आणि खुराक, दोन्ही मी आता या एकाच कसोटीवर घासून बघते: याने मूल आज रात्री घरात कथा सांगेल का?

ही कसोटी मला मिळाली ती प्रेमानंदांकडून. सतराव्या शतकातले हे गुजराती आख्यानकवी आपल्या बडोद्याचेच. बोटांत अंगठ्या घालून तांब्याच्या माणावर, म्हणजे घागरीवर, ताल धरत आख्यान सांगणाऱ्या माणभटांच्या परंपरेतले. आख्यानाच्या प्रत्येक कडव्याचे, म्हणजे प्रकरणाचे, तीन भाग असतात: मुखबंध, ढाळ आणि वलण. मुखबंधात विषय मांडायचा, ढाळात कथा वाहू द्यायची आणि वलणात झालेलं आवरून ऐकणाऱ्याचं तोंड पुढच्या कडव्याकडे वळवायचं. आपल्या कीर्तनात बुवा जसे निरूपण आटोपून एका वळणावर आख्यानात शिरतात, तशीच ही सोय. रोजचा निरोप म्हणजे त्या दिवसाचं वलण, हे ध्यानात आल्यावर त्यात काय लिहायचं आणि काय गाळायचं हे आपोआप ठरत गेलं.

आधी महिना बसवा

रोज निरोप लिहायचा तर रोज नवी कथा शोधत बसू नका. एक मूळ धरा आणि त्यात महिनाभर राहा. नव्याने वर्ग सुरू करणाऱ्यांना मी भागवताचा आठवा स्कंध सुचवते. गजेंद्रमोक्ष, समुद्रमंथन, वामन आणि बळी, शेवटी मत्स्यावतार, चार आठवड्यांच्या चार कथा एकाच स्कंधात ओळीने आहेत. मुलांनाही कळतं की आपण एका मोठ्या घराच्या खोल्यांमधून फिरतोय.

मग कथा दिवसांत तोडा, आणि तोडताना थांबायची जागा आधी ठरवा. गजेंद्रमोक्ष मी असा तोडते. सोमवारी त्रिकूट पर्वत, त्यावरचं सरोवर, उन्हाने कासावीस झालेला कळप पाण्यात उतरतो आणि मगर पाय धरते, तिथे थांबायचं. मंगळवारी झुंज. भागवत म्हणतं ती हजार वर्षं चालली. बाकीचे हत्ती मागून ओढून बघतात, त्यांना जमत नाही, गजेंद्र एकटा पडतो आणि त्याला मागच्या जन्मी शिकलेली स्तुती आठवते. बुधवारी सोंडेत कमळ उंच धरलेलं, गरुडावरून विष्णू येतात, आणि मग कळतं की हत्ती म्हणजे अगस्त्यांच्या शापाने हत्ती झालेला इंद्रद्युम्न राजा आणि मगर म्हणजे देवल ऋषींनी शाप दिलेला हूहू गंधर्व. गुरुवार उजळणीचा आणि आवाजाच्या सरावाचा. शुक्रवारी मी गप्प बसते, मुलं सांगतात.

सोमवारी ‘पाय धरला’ इथे न थांबता ‘मग विष्णू आले’ इथवर गेलात तर त्या दिवसाच्या निरोपात लिहायला काही उरत नाही. वलण चांगलं व्हायला कडवं योग्य जागी संपावं लागतं.

वर्गातली शेवटची पाच मिनिटं

निरोप वर्ग संपल्यावर आठवून लिहायचा नाही, तो वर्गातच गोळा करायचा. माझ्या शेजारी एक साधी दोनशे पानी वही असते. पानावर मधोमध रेघ. डावीकडे ‘कुठे थांबलो’, उजवीकडे ‘कोण काय म्हणालं’. उजवीकडचं जसंच्या तसं लिहायचं, मुलाच्या शब्दांत, व्याकरण न सुधारता.

गेल्या पावसाळ्यात गजेंद्रमोक्षाच्या पहिल्या दिवशी मी मगरीशी थांबले. बडोद्याची एक मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडे विश्वामित्रीत आहेत मगरी. पूर आला की रस्त्यावर येतात.’ दुबईच्या चौकोनांतली तिन्ही तोंडं उघडी पडली. खरंच? रस्त्यावर? मग बडोद्याच्या सहाही मुलांना कंठ फुटला. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात कुणाच्या सोसायटीच्या आवारात मगर आली, तिला पकडायला माणसं कशी आली, तिचं तोंड कसं बांधलं. त्या गडबडीत एक शांत मुलगा हळूच म्हणाला, ‘मगर दिसत नाही तोवर नदी छानच असते.’ मी ते वाक्य उजवीकडे लिहून घेतलं. त्या दिवशी संध्याकाळी गेलेला निरोप हा:

‘गजेंद्रमोक्ष, दिवस पहिला. भागवत, स्कंध ८.
इथे थांबलो: गजेंद्र पाण्यात उतरला, सोंडेने पिल्लांना आंघोळ घातली, आणि खालून कुणीतरी पाय धरला.
आज वर्गात ऐकलं: मगर दिसत नाही तोवर नदी छानच असते.
नवा शब्द: ग्राह. जो धरून ठेवतो तो ग्राह.
जेवताना विचारा: पाय धरला तेव्हा बाकीचे हत्ती काय करत असतील?
खुराक: बादलीत पाणी घेऊन हात कोपरापर्यंत बुडवा. कुणीतरी मनगट घट्ट धरा. सोडवून बघा.’

सहा ओळी. फोनच्या एका पडद्यात मावतात, बोट सरकवावं लागत नाही. याहून लांब निरोप कुणी वाचत नाही, आणि स्वयंपाक करता करता फोन बघणाऱ्या आईकडून ती अपेक्षाही धरू नये.

ओळींमागचं कारण

पहिल्या ओळीत कथेचं मूळ असतंच असतं. ते का, ते पुढे सांगते. ‘इथे थांबलो’ ही ओळ पालकांना कथेत उभं करते. ज्यांना कथा येते त्यांना लहानपण आठवतं, ज्यांना येत नाही ते मुलाला विचारतात. दोन्हींचा उपयोग होतो.

‘आज वर्गात ऐकलं’ ही ओळ सगळ्यात मोलाची. तिथे मुलाचं नाव घालू नका. नाव घातलं की दुसऱ्या दिवसापासून तेरा घरांत ‘तू का नाही बोललास’ सुरू होतं. ज्याचं वाक्य आहे त्याच्या आईला मी वेगळा निरोप पाठवते, त्याला कळतंच. आणि दर आठवड्यात वही चाळून बघते की कुणाचं वाक्य आलंच नाही. त्या मुलाकडे पुढच्या आठवड्यात कान देऊन राहायचं.

प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर कथा सांगितल्याशिवाय देता येत नाही. ‘मगरीचं नाव काय होतं?’ विचारलं तर मूल ‘हूहू’ म्हणून हात धुवायला जातं. ‘बाकीचे हत्ती काय करत असतील?’ म्हटलं की त्याला कळप, सरोवर, ऊन, सगळं ताटापाशी आणावं लागतं.

निरोपात तात्पर्य लिहू नका. ‘संकटात देवाला हाक मारावी’ असं आपणच लिहून टाकलं की मुलाला बोलायला जागा उरत नाही. ‘सगळ्यांनी छान सहभाग घेतला’ हेही नको.

वेळ पाळा. सव्वासात म्हणजे सव्वासात. बडोद्यात-पुण्यात जेवणाआधी, दुबईत खेळून परत यायच्या वेळी. रात्री दहाला आलेला निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला जातो आणि सकाळी कुणाला कथा सांगायला वेळ नसतो.

बडोद्यात बऱ्याच घरांत आई किंवा बाबा गुजराती असतात, काही तरुण पालकांना देवनागरी भराभर वाचता येत नाही. त्यांच्यासाठी तोच निरोप मी एका मिनिटाच्या आवाजात पाठवते, सावकाश मराठीत. तो बहुतेक वेळा मुलंच ऐकतात आणि मग आईला समजावून सांगतात. आपल्याला तेच हवं आहे.

खुराक: दहा मिनिटं, घरातल्या वस्तू

खुराक रोज एकच. दोन दिले की एकही होत नाही. दहा मिनिटांच्या आत व्हावा, बाजारातून काही आणावं लागू नये, आणि शेवटी मूल कथेकडे परत यावं. पुराणातल्या पात्रांना रंग भरायचे छापील कागद मी कधीच बंद केले. त्यात मूल अर्धा तास गुंगतं पण कथेचा एक शब्द बोलत नाही.

हातांचा खुराक सर्वांत लवकर लागू पडतो. समुद्रमंथनाला पातेल्यात ताक, उभी रवी आणि दांड्याला गुंडाळलेली दोरी. एक टोक मुलाकडे, दुसरं मोठ्याकडे. दोन मिनिटांत मुलाला कळतं की एकाने ओढलं तर दुसऱ्याने सोडावंच लागतं, म्हणजे देव आणि दैत्य यांना एकमेकांशिवाय इलाज नव्हता. मग त्याला सांगा की देवांनी आधी वासुकीचं तोंड धरलं होतं, दैत्यांना शेपूट धरणं अपमानाचं वाटलं, म्हणून देव हसून शेपटीकडे गेले, आणि वासुकीच्या गरम फूत्कारांनी पुढे तोंडाकडचेच होरपळले. पातेल्याशी उभं असलेलं मूल लगेच विचारतं, ‘माझं टोक कुठलं?’

कानांसाठी माणभटाची युक्ती. पालथा तांब्या किंवा स्टीलची कळशी मांडीवर आणि बोटात आईची अंगठी. कथा सांगताना जिथे काही घडतं तिथेच ठोका. पहिल्या दिवशी मुलं सतत वाजवतात. तिसऱ्या दिवशी एखादा मुलगा वाजवायचा थांबतो, सगळं घर श्वास रोखतं, आणि मग एकच ठोका पडतो. गुरुवारी मी हाच सराव करून घेते.

डोळ्यांच्या खुराकाच्या बाबतीत बडोदेकरांचं भाग्य मोठं आहे. सयाजीरावांनी राजा रविवर्म्यांना १८८८ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं सांगितली होती. कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोसांचं गंगावतरण आहे, महाभारताचं युद्ध आहे, मीरा आहे. रावपुऱ्याजवळ तांबेकर वाड्याच्या भिंती तर एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या, आणि तो वाडा आपल्याच मराठी दिवाणांचा. बडोद्याची मुलं रविवारी आजोबांबरोबर जातात. जायच्या आधी वेळ आणि फोटोची परवानगी विचारून घ्यावी. तिथे त्यांना एकच काम असतं: एका चित्रापाशी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग पाठ फिरवायची आणि दुबईच्या मित्रांसाठी आवाजात वर्णन बोलायचं. चित्रकाराने कथेतला नेमका कुठला क्षण धरला? त्याच्या आधीचा क्षण कुठला, नंतरचा कुठला? दुबईची मुलं ते ऐकून कागदावर काढतात, आणि सोमवारी दोन्ही शेजारी ठेवतो.

बळीच्या आठवड्यात नकाशा उघडायलाच हवा. वामन बळीच्या यज्ञाला जातो तो यज्ञ कुठे चालला होता, हे भागवत स्पष्ट सांगतं: नर्मदेच्या उत्तर तीरावर, भृगुकच्छात. भृगुकच्छ म्हणजे आपलं भरूच, बडोद्याहून सत्तरेक किलोमीटर. मी पहिल्यांदा हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, ‘माझे बाबा रोज तिथून पुढे अपडाउन करतात.’ त्या दिवसाचा खुराक बाबांसाठी होता: उद्या गाडी नर्मदेच्या पुलावर आली की उत्तरेचा किनारा कुठला ते बघा आणि घरी येऊन दाखवा. बाबांनी खिडकीतून काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी वर्गात आला. त्यात पाणी आणि पुलाचे खांब, एवढंच होतं. पण मुलं त्या किनाऱ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ते मी विसरणार नाही.

आजीची कथा आणि पुस्तकातली कथा

मूळ ग्रंथाचं नाव निरोपात का, त्याचं कारण माझी एक चूक आहे. सीताहरणाच्या आठवड्यात मी लिहून गेले, ‘वाल्मीकींनी सांगितलेली लक्ष्मणरेषा’. एका मुलाच्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी मला शांतपणे फोन केला. म्हणाले, वाल्मीकींच्या अरण्यकांडात रेषा नाही. लक्ष्मण सीतेला वनदेवतांच्या भरवशावर सोडून जातो. मी मजकूर उघडून बघितला, ते बरोबर होते. मला जास्त लागलं ते याचं, की वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ मध्ये आमच्याच बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून निघाली आहे, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि मी ऐकीव गोष्ट वाल्मीकींच्या नावावर खपवली. त्याच संध्याकाळच्या निरोपात दुरुस्ती टाकली. चूक झाली तर अशीच, त्याच जागी, त्याच दिवशी दुरुस्त करावी, मुलांनाही सांगावी.

तेव्हापासून नियम असा: पहिल्या ओळीत ग्रंथ. ग्रंथ तपासलेला नसेल तर ‘आमच्या घरी सांगतात तशी’ असं लिहायचं. हे लिहिण्यात कमीपणा नाही. आजीची लक्ष्मणरेषा शेकडो वर्षं लोकांनी सांगितलेली आहे, तिला तिचा मान आहेच, फक्त पत्ता वेगळा आहे. म्हणून आठवड्यातून एकदा खुराकात एवढंच असतं: ‘आजी-आजोबांना विचारा, तुमच्याकडे ही कथा कशी सांगायचे?’ उत्तरं आवाजात मागवा, लिहून नको. आजीच्या आवाजात खोकला येतो, मधेच ती ‘अगं, दूध उतू जातंय बघ’ म्हणते, ते सगळं राहू द्या. फरक सापडला की मुलं दोन रकाने करतात, ग्रंथात आणि आमच्याकडे.

अवघड जागा

काही कथांमध्ये मूल दुखावेल किंवा घरात वाद होईल असं काही असतं: एकलव्याचा अंगठा, द्रौपदीची सभा, शंबूक. अशा वेळी आदल्या शुक्रवारच्या निरोपात पालकांना आधी कल्पना द्या. दोनच वाक्यं: पुढच्या आठवड्यात काय येतंय आणि मी ते कुठवर सांगणार आहे. ज्यांना आधी बोलायचं असेल त्यांनी मला फोन करावा. ग्रुपवर चर्चा नको, तिथे शब्दाला शब्द लागतो.

बळीची कथा वरून सोपी वाटते, पण मराठी घरात ती सगळ्यात अवघड. वामनाने तिसरं पाऊल ठेवलं, इथे मी थांबले आणि एका मुलीने विचारलं, ‘मग पाडव्याला आमची आजी इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो असं का म्हणते? बळी तर हरला ना?’ मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी निरोपात तिचा प्रश्न जसाच्या तसा टाकला आणि खाली लिहिलं, ‘कृपया आज उत्तर देऊ नका, फक्त मोठ्यांचं काय म्हणणं आहे ते मुलांना गोळा करू द्या.’ दुसऱ्या दिवशी वर्गात अकरा घरांची अकरा उत्तरं होती. शेतकऱ्याचा राजा म्हणून. दिलेला शब्द मोडला नाही म्हणून. पुण्याच्या एका पणजीने फक्त म्हटलं होतं, ‘तो चांगला होता बाळा.’ मग मी भागवतातला शेवट सांगितला: बळीला सुतल लोक मिळाला आणि विष्णू स्वतः त्याच्या दाराशी राखण करत उभे राहिले. वर्ग एकदम गप्प झाला. तो आठवडा मी दोन दिवसांनी वाढवला. असं वाढवायला मागेपुढे बघू नका.

छोट्या गोष्टी

गैरहजर मुलासाठी वर्गाचं चित्रीकरण पाठवू नका, ते कुणी बघत नाही. एखाद्या वर्गमित्राला पाच मिनिटं फोन करून कथा सांगायला लावा. सांगणाऱ्याचाही सराव होतो. मुलांचे चेहरे दिसतील असं काहीही ग्रुपवर टाकायच्या आधी त्या त्या पालकांची लेखी संमती हवी, मी तर आवाज आणि चित्रांवरच भागवते. नेट गेलं तर परत येईपर्यंत कोणी कथा पुढे न्यायची, ते नाव वर्गाच्या सुरुवातीलाच ठरलेलं असावं. वहीची पानं दर शनिवारी फोनवर फोटो काढून ठेवा.

नवरात्रात बडोद्याची मुलं गरब्यात असतात, साडेसहाला ती चनियाचोळी आणि केडियू शोधत असतात. त्या नऊ दिवसांत वर्ग बंद ठेवते पण निरोप चालू. तो सकाळी जातो, दोन ओळींचा: देवीचा एक प्रसंग आणि एक प्रश्न. पुण्याची मुलं भोंडल्याची गाणी म्हणून पाठवतात, दुबईची ती ऐकतात.

कथा संपते त्या शुक्रवारचा निरोप वेगळा लिहायचा. त्यात ‘इथे थांबलो’ नसतं, कारण पुढे वळायला कडवं उरलेलं नसतं. त्या जागी मी चौदा मुलांची चौदा वाक्यं टाकते, प्रत्येकाला लक्षात राहिलेलं एकेक, वहीच्या उजव्या बाजूची. खाली फक्त श्रावणातल्या कहाण्यांची ओळ, ‘ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’. प्रश्न नाही, खुराक नाही. शनिवार-रविवार ग्रुप शांत असतो. सोमवारी साडेसहाला नवं पान उघडते, मधोमध रेघ मारते, आणि डावीकडे लिहिते: मत्स्य, दिवस पहिला.